मोठ्या विमानाचं टच अँड गो: घरच्या सिम्युलेटरवर, सांबऱ्याच्या रनवेवर

बेळगावच्या सांबरा विमानतळाच्या बाजूला ज्यांचं जाणं-येणं आहे त्यांनी बघितलंच असणार, सकाळी सकाळी ट्रेनिंगची लहान विमानं त्याच त्याच रिंगणात फिरत असतात, खाली येतात, चाकं टेकली न टेकली तोवर परत वर. त्यालाच टच अँड गो म्हणतात. प्रत्येक लँडिंगनंतर थांबून, वळून, टॅक्सी करत परत रनवेच्या टोकाला यायचं म्हटलं तर तासाभरात तीन-चारच लँडिंग होतात, असं केलं की आठ-दहा होतात, म्हणून ही पद्धत. आता घरी सिम्युलेटर लावलेली आपल्याकडची पोरं, बेळगाव खानापूर निपाणी चिकोडी सगळीकडची, विचारत असतात की हेच बोइंग ७३७ सारखं मोठं विमान घेऊन कसं करायचं, लहान विमानासारखं करायला जातोय आणि एकतर शेपूट घासतंय नाहीतर रनवे संपतोय.

मी पायलट नाही. उद्यमबागेत मशीन शॉपमध्ये काम करतो आणि रात्री जेवण झालं की सिमवर बसतो, बरीच वर्षं झाली आता. खाली लिहिलंय ते बोइंगच्या ट्रेनिंगच्या पद्धतीला धरून आहे पण ते सिमवर करण्यासाठी आहे, खऱ्या विमानात शेजारी बसलेला इन्स्ट्रक्टर सांगेल तेच खरं.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात घट्ट बसवा. लहान विमानात टच अँड गो एकटा माणूस करतो, फ्लॅप्स (पंखाच्या मागच्या कडेचे खाली-वर होणारे भाग) वर, थ्रॉटल (इंजिनाचा जोर वाढवायची लिव्हर) पुढं, झालं. मोठ्या विमानात ते दोघांचं काम असतंय. शिकणारा फक्त समोर बघून विमान सेंटरलाईनवर सरळ ठेवतो, आणि फ्लॅप्स, ट्रिम (नाकाचा वर-खाली तोल बसवणारी यंत्रणा), स्पीडब्रेक (पंखावर उघडणाऱ्या पट्ट्या) हे सगळं शेजारचा इन्स्ट्रक्टर बघतो आणि तोंडानं सांगतो की आता लिव्हर पुढं घे, आता उचल. घरी आपण एकटे बसतो आणि त्या सहा-सात सेकंदात दोघांचं काम एका डोक्यानं करायला जातो, तिथंच सगळा घोळ होतो. पुढं जे जे सांगणार आहे ते या सहा-सात सेकंदांची सोय कशी लावायची यासाठीच आहे.

रनवे किती लागतो

एअरलाईनचे पायलट हल्ली बहुतेक सगळं मोठ्या सिम्युलेटरमध्ये शिकतात, पण नवख्या पायलटला प्रवासी घेऊन जायच्या आधी रिकामं विमान नेऊन काही लँडिंग करायला लावतात, त्याला बेस ट्रेनिंग म्हणतात. त्यासाठी जागा कशा निवडल्यात बघा. जपानच्या एअरलाईननं १९६८ पासून जवळजवळ चाळीस वर्षं आपले पायलट अमेरिकेत मोझेस लेकला नेऊन शिकवले, तिथला रनवे ४१०० मीटरच्या आसपास आहे. ओकिनावातल्या शिमोजी बेटावर १९७९ ला खास ट्रेनिंगसाठी ३००० मीटरचा रनवे केला. फ्रान्समध्ये शातोरूला ३५०० मीटर आहे, काँकॉर्डचे पायलटसुद्धा तिथं सर्किट, म्हणजे रनवेभोवतीचं रिंगण, मारायचे. लांब रनवे, भोवती मोकळी जागा, ट्रॅफिक कमी.

आपलं सांबरा २३०० मीटर. दुसऱ्या महायुद्धात १९४२ ला ब्रिटिश हवाई दलानं बांधलेलं हे विमानतळ, रनवे वाढवून २३०० केला आणि २०१७ मध्ये उद्घाटन झालं, त्याच्या आधी १८३० होता. जुन्या सिममध्ये किंवा जुन्या सीनरीत अजून तो आखूडच रनवे असू शकतो, तर सुरू करण्याआधी मॅपवर लांबी बघून घ्या, ही गोष्ट खरंच तपासा.

आता हिशोब घाला. ७३७ जमिनीवर १५० नॉटनं पळत असेल तर एका सेकंदात ७७ मीटर जातंय. थ्रेशोल्डपासून, म्हणजे रनवेच्या सुरुवातीपासून, ४५० मीटरवर चाकं टेकली असं धरा. फ्लॅप्स आणि ट्रिम बदलायला सात सेकंद, म्हणजे ५४० मीटर. मग इंजिन वर येऊन विमान उचलेपर्यंत आणखी पाच-सहा सेकंद, म्हणजे ४०० च्या वर. झाले की १४०० मीटर. पुढं ९०० उरतात, भरपूर वाटतात, पण फ्लेअरमध्ये (टेकायच्या आधी नाक वर घेताना) तीन सेकंद तरंगलात तर २३० गेले, कीबोर्डवर फ्लॅपचं बटण शोधत पाच सेकंद घालवले तर ३८५ गेले, आणि मग उरलेल्या ३०० मीटरमध्ये ना थांबता येत ना निवांत उडता येत. माझं हे झालंय. रनवे २६ च्या टोकाचे लाल दिवे समोर आणि माझा हात अजून ट्रिमवर, विमान कसंतरी उचललं आणि शेपूट घासलं. त्या रात्रीनंतर मी महिनाभर सांबरा सोडलं आणि बेंगळुरूच्या ४००० मीटरच्या रनवेवर सराव केला. तुम्ही उलटं करू नका, आधी बेंगळुरू, हात बसला की सांबरा. आपल्या गावावरनं उडायची हौस असतेच, मला समजतंय, पण पंधरा दिवस थांबा.

विमान तयार करताना

एक्स-प्लेन हे सिम असेल तर झिबो नावाचं ७३७-८०० फुकट मिळतं आणि या कामाला उत्तम आहे, मायक्रोसॉफ्टच्या सिमला पीएमडीजी कंपनीचं विकत घ्यावं लागतंय. मी ७३७ धरूनच सांगतोय. एअरबसचं तत्त्व तेच पण फ्लॅप्सचे आकडे आणि ट्रिमचं वागणं वेगळं, तेव्हा हे आकडे तिकडं लावू नका.

विमानाचं वजन ५५ टनांच्या आसपास ठेवा, इंधन सहा-सात टन पुरतंय. एफएमसीच्या (विमानातल्या फ्लाइट कॉम्प्युटरच्या) अ‍ॅप्रोच रेफच्या पानावर जाऊन फ्लॅप्स ३० चा व्हीरेफ (लँडिंगचा मूळ स्पीड) घ्या, या वजनाला तो १३५ च्या घरात येतो, एफएमसी दाखवेल तोच धरा आणि वारा शांत असेल तर पाच नॉट मिळवून फायनलला (रनवेसमोरच्या शेवटच्या सरळ टप्प्यात) तो स्पीड ठेवा. म्हणजे १४० धरून चला.

ऑटोब्रेक ऑफ. स्पीडब्रेक आर्म करायचा (आपोआप उघडायच्या तयारीत ठेवायचा) नाही, लिव्हर खालच्या खाचेतच राहू दे. रोजच्या लँडिंगच्या सवयीनं हात आपोआप तिकडं जातो आणि आर्म करून टाकतो, मग चाकं टेकली की पंखावरचे स्पॉयलर उघडतात, लिफ्ट (वर उचलणारा जोर) जाते, ते परत बंद होईपर्यंत तुमचा वेळ गेला. ऑटोथ्रॉटल पण बंद, या सरावात थ्रॉटलची लिव्हर हातानंच.

आता बटणं, आणि हे अगदी नीट करा. फ्लॅप एक खाच वर घ्यायचं बटण जॉयस्टिकवरच अंगठ्याजवळ पाहिजे, कीबोर्डवर नको. ७३७ ला ३० वरनं १५ ला यायचं म्हणजे ३०, २५, १५ अशा दोन खाचा, दोन टिचक्या. मोजून दोन. तीन झाल्या तर १० ला जातंय. ट्रिमचं वर-खाली पण जॉयस्टिकवर. रिव्हर्सरचं (थांबायला इंजिनाचा जोर उलटा फिरवणाऱ्या यंत्रणेचं) बटण जर थ्रॉटलच्या खाली बोटाला सहज लागेल असं असेल तर या सरावापुरतं काढून टाका, कारण पुढं सांगतो.

सांबऱ्याचं सर्किट

पावसाळ्यात आणि एरवीही बराच वेळ वारा पश्चिमेकडचा असतो म्हणून रनवे २६ धरू, म्हणजे तोंड बेळगाव शहराकडं. डाव्या हाताचं सर्किट मारायचं. उडालं की ५०० फुटांच्या आत वळायचं नाही, मग डावीकडं १७० हेडिंगला (होकायंत्रावरच्या १७० अंशांच्या दिशेला), शहर आणि सुवर्णसौध उजव्या अंगाला राहतात, मग परत डावीकडं ०८० ला डाऊनविंड (रनवेला समांतर, उलट्या दिशेनं), रनवे तुमच्या डाव्या खिडकीत आणि त्याच्यापासून दोन ते अडीच नॉटिकल मैल लांब. पुढं पंत बाळेकुंद्रीच्या बाजूला गेलं की डावीकडं बेस (फायनलच्या आधीची आडवी बाजू) ३५० ला आणि मग फायनल २६०. एफएमसीत रनवे २६ घालून ठेवला की नेव्हिगेशन डिस्प्लेवर त्याची लांबवलेली रेघ दिसते, नवख्याला तिचा फार उपयोग होतोय, लाजू नका वापरायला.

उंची. इथं दहातले आठ जण चुकतात. जेटचं सर्किट जमिनीपासून १५०० फुटांवर असतं. सांबरा स्वतःच समुद्रसपाटीपासून जवळजवळ २५०० फुटांवर आहे. म्हणजे अल्टिमीटरवर ४००० दिसले पाहिजेत. पुस्तकात वाचून ऑटोपायलटच्या उंचीच्या खिडकीत १५०० सेट करतात, उडाल्यावर फ्लाइट डिरेक्टर (नाक कुठं ठेवायचं ते स्क्रीनवर दाखवणारी खूण) नाक खाली घाल म्हणतो, आणि पोरगं गोंधळून जातंय. तसंच ५०० फुटांवर सगळं स्थिर पाहिजे म्हणतात ते अल्टिमीटरवर ३०००. कागदावर दोनच आकडे लिहून मॉनिटरला चिकटवा, ४००० आणि ३०००.

डाऊनविंडला फ्लॅप्स ५, स्पीडटेपवर (स्क्रीनवरच्या स्पीडच्या पट्टीवर) हिरव्या अक्षरात ५ ची खूण दिसते तो स्पीड, एन-वन (इंजिनाच्या पंख्याचा वेग) ६० टक्क्यांच्या आसपास ठेवलं तर उंची आणि स्पीड दोन्ही बसतात. शिकण्याचा अर्धा भाग खरं म्हणजे इथंच आहे, लँडिंगमध्ये नाही. डाऊनविंडला विमान ट्रिममध्ये नसेल, वर-खाली डुलत असेल, तर फायनलला ते सुधारत नाही, बिघडतंच. पहिले चार-पाच सर्किट मी म्हणतो लँडिंग करूच नका, डाऊनविंडवर ४००० फूट पन्नास फुटांच्या फरकात धरता येतंय का एवढंच बघा, फायनलला आलात की गो-अराउंड करा, म्हणजे न टेकता वर जा, आणि परत फिरा.

थ्रेशोल्ड डाव्या खांद्याच्या रेषेत आला की घड्याळ चालू, गिअर (चाकं) खाली, फ्लॅप्स १५. शंभर फुटाला तीन सेकंद हा जुना हिशोब, १५०० ला ४५ सेकंद. डाऊनविंडला मागनं वारा असतोय, तर जेवढे नॉट वारा तेवढे सेकंद कमी करा, दहा नॉट वारा असेल तर ३५ ला बेसला वळा. नाही केलं तर पार मारिहाळच्या पुढं जाता आणि लांबलचक फायनल येतंय. बेसवर उतरायला सुरुवात, फायनलला वळताना फ्लॅप्स ३०, वळून सरळ झालात की जमिनीपासून ७०० फूट असावेत. रनवेच्या कडेचे पीएपीआयचे (उतार बरोबर आहे का ते दाखवणारे) दिवे दोन पांढरे दोन लाल. आणि ३००० ला स्पीड, सेंटरलाईन, उतरण्याचा वेग यातलं एकही ठिकाणावर नसेल तर वर जायचं. इथं सराव करायलोय, वर गेलो तर काय बिघडत नाही.

गिअरचं एक. पहिल्या सर्किटांना मी गिअर वर घेतच नाही, खालीच ठेवतो, खऱ्या ट्रेनिंगमध्येही ब्रेक थंड व्हावेत म्हणून तसं ठेवता येतं. एक काम कमी होतंय. फक्त इंजिन बंद पडायचा सराव करत असाल तर गिअर वर घ्यायची आठवण पाहिजे.

एप्रिल-मे मधलं बेळगाव

पोरं म्हणतात जानेवारीत छान जमत होतं आणि आता रनवे लहान झाल्यासारखा वाटायलाय. बरोबरच आहे ते. सांबऱ्याच्या उंचीवर प्रमाण तापमान १० डिग्रीच्या आसपास धरतात. दुपारी ३६ असेल तर हवा इतकी विरळ होते की विमानाला आपण ५५०० फुटांच्या वर असल्यासारखं वाटतं. स्पीडटेपवर १४०च दिसतात पण हवेतला खरा वेग १५२ च्या जवळपास असतो. म्हणजे जमीन पायाखालनं जास्त वेगानं सरकते, उतरण्याचा वेगही जास्त लागतो. ग्राउंडस्पीडला पाचनं गुणलं की तीन अंशाच्या उताराला किती फूट प्रति मिनिट लागतात ते निघतं, १४० ला ७०० आणि १५२ ला ७६०. सिममध्ये लाईव्ह वेदर लावून एकदा सकाळी सहाला आणि एकदा दुपारी तीनला तेच सर्किट मारा, फरक हाताला कळतोय. वळवाचे ढग दिसायला लागले की मात्र टच अँड गो नको, वारा कधी फिरेल सांगता येत नाही.

टेकताना

थ्रेशोल्डवरनं ५० फुटांनी जायचं. आवाज येतो, फिफ्टी, फॉर्टी, थर्टी, ट्वेंटी. ट्वेंटीला नाक दोन-तीन अंश वर, तेवढंच, आणि लिव्हर हळूहळू मागं, चाकं टेकतील तेव्हा आयडलला (इंजिनाच्या सगळ्यात कमी जोराला). मऊ लँडिंगच्या नादात विमान वर धरून ठेवू नका, तरंगलेला प्रत्येक सेकंद ७७ मीटर, वर सांगितलंय. फ्लेअरमध्ये ट्रिम वापरायची नाही, ही सवय लागली की मोडायला फार जड जाते. नाक वर ट्रिम करून टेकलात तर पुढं थ्रस्ट (इंजिनाचा जोर) दिल्याबरोबर नाक स्वतःहून उठतंय, आणि ७३७-८०० चं शेपूट ११ अंशांच्या आसपास जमिनीला लागतंय.

विमान उसळलं तर ते टच अँड गो नाही. उसळी लहान असली तरी मनात त्याला दुसरं नाव द्या, ते गो-अराउंड आहे, फ्लॅप्सला हात लावायचा नाही, थ्रस्ट द्यायचा आणि निघायचं. टेकायच्या जागेच्या पलीकडं टेकलात, पेपरवर ठेवल्यासारखं सेंटरलाईनवर नसलात, तरी टच अँड गो नाही.

ते सहा-सात सेकंद

मागची चाकं टेकली. नाक हळू खाली. डोळे रनवेच्या शेवटाला, पाय रडरवर (नाक डावी-उजवीकडं वळवणाऱ्या पेडलवर). आता क्रम असा की फ्लॅप दोन टिचक्या, ट्रिम हिरव्या पट्ट्यात, स्पीडब्रेकची लिव्हर खालीच आहे ना एक नजर, मग थ्रस्ट लिव्हर सरळ उभ्या होतील इतक्याच पुढं. थांबा. दोन्ही एन-वन सारखे झालेले बघा. मग पूर्ण थ्रस्ट. व्हीरेफला उचला, सेकंदाला दोन-अडीच अंश या गतीनं, १५ अंशाकडं.

मध्ये लिव्हर उभ्या करून का थांबायचं, कारण दोन्ही इंजिनं आयडलवरनं एकाच वेगानं वर येत नाहीत. एकदम पुढं ढकललं की एक ४५ ला आणि दुसरं अजून ३० ला असतंय, विमान बाजूला ओढतंय, तुम्ही रडर मारता, तोवर दुसरं पण येतंय आणि विमान उलट्या बाजूला जातंय. आणि एक माहिती फार कमी जणांना असते, ७३७ एनजीचं (७३७-८०० त्याच पिढीतलं) इंजिन टेकल्यानंतर पाच सेकंद अ‍ॅप्रोच आयडलवरच राहतं आणि मग आणखी खाली ग्राउंड आयडलला जातं. म्हणजे तुम्ही रेंगाळलात तर इंजिन अजून खाली गेलेलं असतंय आणि वर यायला जास्त वेळ घेतंय. म्हणून घाई पण नको आणि रेंगाळणं पण नको, दोन टिचक्या आणि ट्रिम चार सेकंदात व्हायला पाहिजेत.

आमचा भाचा खानापूरवरनं सुट्टीला येतो, बारावीत आहे. पहिल्यांदा त्यानं केलं तेव्हा एकच टिचकी पडली, फ्लॅप्स २५ कडं निघालेले, आणि त्यानं थेट लिव्हर पुढं ढकलली. टूं टूं टूं. "मामा हॉर्न वाजायलाय, काय चुकलं." मी म्हटलं बघ गा फ्लॅपच्या काट्याकडं. काटा अजून ३० वरनं हळूहळू सरकत होता. ७३७ ला टेकऑफसाठी फ्लॅप्स १ ते २५ मध्ये लागतात, ट्रिम हिरव्या पट्ट्यात लागते, स्पीडब्रेक खाली लागतो, यातलं एक नसलं आणि लिव्हर पुढं घेतली की हा टेकऑफ कॉन्फिगरेशनचा हॉर्न वाजतो. फ्लॅप्स सरकायला वेळ घेतात म्हणून टच अँड गोत तो थोडा वाजू शकतो. तेव्हा लिव्हर उभ्या असताना हॉर्न वाजला तर घाबरायचं नाही, काट्याकडं बघायचं, काटा निघालेला असला की आवाज आपोआप थांबतो. काटा जागचा हललाच नसेल तर पुढं जायचं नाही, ब्रेक मारायचे. आणि २५ ला हॉर्न बंद होतो म्हणून २५ वर उडायचं नाही, १५ हवेत, १५ ठेवण्याचं कारणच शेपूट घासू नये हे आहे.

आता रिव्हर्सर. एकदा रिव्हर्स ओढला की विमान थांबवायचंच, मग काहीही होवो. रिव्हर्स ओढल्यावर स्पीडब्रेक आर्म नसला तरी उघडतात, इंजिनाचे दरवाजे परत बंद व्हायला वेळ लागतो, आणि एक बंद झाला दुसरा नाही असं झालं तर हवेत विमान सांभाळणं अशक्य होऊ शकतं. यात चर्चा नको.

तसंच पूर्ण थ्रस्ट दिला की मग उडायचंच, अर्ध्यात मन बदलायचं नाही, सांबऱ्यावर तर नाहीच. थांबायचं असेल तर ते लिव्हर उभ्या व्हायच्या वेळीच ठरवायचं.

दोन खऱ्या घटना

८ मार्च १९९४, दिल्ली. बोइंग ७३७-२०० वर शिकाऊ पायलटांची सर्किट चालू होती. पाच नीट झाली. सहाव्या वेळी टच अँड गो करून उडताना इंजिन बंद पडल्याचा सराव दिला, शिकाऊनं उलटा रडर मारला, इन्स्ट्रक्टरचा पाय वेळेत अडवायला नव्हता, आणि विमान विमानतळावरच उभ्या रशियन इल्युशिन विमानावर पडलं. नऊ माणसं गेली. मी हे सांगतोय कारण सिमवर पोरांना लगेच पुढची मजा हवी असते, टच अँड गो जमलं की त्यातच इंजिन फेल. वेगवेगळं करा. इंजिन फेलचा सराव रनवेवर उभ्या विमानाच्या साध्या टेकऑफवरनं महिनाभर करा, कुठला पाय द्यायचा हे विचार न करता यायला लागलं की मगच दोन्ही एकत्र.

दुसरी २८ फेब्रुवारी २०१८, एस्टोनियातलं टॅलिन, एअरबस ए३२०. त्यातही एकामागनं एक टच अँड गो चाललेले. शेपटाच्या स्टॅबिलायझरच्या (आडव्या पंखाच्या) यंत्रणेत दोष होता, कॉम्प्युटरचे इशारे येत होते आणि ते रिसेट करून सराव चालूच ठेवला. शेवटी उचलायच्या वेळी स्टिक ओढली आणि नाक उठलंच नाही, नंतर विमान उठलं, परत रनवेवर आदळलं, दोन्ही इंजिनांना मार बसला, तरी त्यांनी ते फिरवून परत आणलं आणि सगळे वाचले. सर्किट मारताना सहा-सात मिनिटाला सगळं परत पहिल्यापासून येतंय, त्या लयीत एखादा दिवा पेटला तरी मन म्हणतं पुढच्या फेरीला बघू. सिमवरही दिवा पेटला की पॉज नाही, वर जा, ४००० ला सरळ उडा, वाचा, समजलं की परत या.

वर गेल्यावर

५५ टनाचं ७३७ पूर्ण थ्रस्टला १५०० फूट अर्ध्या मिनिटात चढतंय, आणि नवखे ४००० सोडून ४६०० ला सापडतात. चढण्याच्या वेगाचा दहावा भाग आधी नाक खाली घ्यायला सुरुवात करा, २५०० फूट प्रति मिनिटाला चढत असाल तर ३७५० ला. लिव्हर त्याच्याही आधी मागं येऊ लागली पाहिजे. जमिनीपासून हजार फुटांवर, म्हणजे ३५०० ला, फ्लॅप्स ५, आणि डाऊनविंडला परत ६० टक्के. उतरण्यापेक्षा हा भाग जड जातोय बघा, कारण लँडिंग चांगलं झालं की मन तिथंच रेंगाळतं.

सराव कुठल्या क्रमानं

आधी दहा पूर्ण थांबायची लँडिंग, ऑटोब्रेक आणि रिव्हर्सरसकट, नेहमीसारखी. दहातली आठ टेकायच्या जागेत आणि सेंटरलाईनवर आली की पुढं. मग गो-अराउंडची सर्किट. मग एक असं करा जे कोणी करत नाही, विमान रनवेवर उभं करा, पार्किंग ब्रेक लावून, फ्लॅप्स ३० वर घ्या, ट्रिम लँडिंगच्या जागी, आणि नुसते हात चालवा. दोन टिचक्या, ट्रिम, स्पीडब्रेक बघितला, लिव्हरवर हात. मोबाईलवर घड्याळ लावून. वीस वेळा. डोळे समोर ठेवून, खाली न बघता. लिव्हर पुढं ढकलू नका, पार्किंग ब्रेकला पण हॉर्न वाजतो. चार सेकंदात यायला लागलं की बेंगळुरूला खरं करा.

आणि शक्य असेल तर कुणालातरी शेजारी बसवा. भाऊ, बहीण, मित्र, विमानातलं काही कळत नसलं तरी चालतंय. आमच्यात आता असं असतंय की भाचा उडवतो आणि फ्लॅपची बटणं माझ्या हातात, मी तोंडानं म्हणतो फ्लॅप्स पंधरा, ट्रिम झाली, लिव्हर उभी कर, बघ दोन्ही सारखे, थ्रस्ट, उचल. मग अदलाबदल. आमच्या बहिणीला विमानाची आवड नाही पण ती एका संध्याकाळी तासभर बसली, काट्याकडं बघून फक्त "पंधरा झालं" एवढंच म्हणायचं काम तिला दिलं, आणि त्या तासात भाच्याची सगळीच्या सगळी सर्किट नीट झाली. त्याची नजर एकदाही रनवेवरनं हलली नाही.

एका बैठकीत सहापेक्षा जास्त नको, सहानंतर हात चुकायला लागतो. आणि शेवटचं सर्किट डाऊनविंडला असतानाच ठरवा की हे थांबायचं लँडिंग आहे, तिथंच स्पीडब्रेक आर्म करा, ऑटोब्रेक दोन वर घ्या आणि तोंडानं म्हणा की थांबायचं आहे, कारण सहा वेळा दोन टिचक्या मारून आलेला अंगठा सातव्या वेळी आपोआप तेच करतो.